आजोबांचे थोरले भाऊ १९४४ ला इटलीत मारले गेले, त्यांच्याबद्दल फलकावर काय लिहू?

खटावची_पायवाट

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्या आजोबांचे सख्खे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारले गेले. वय असेल एकवीस-बावीस. घरात सगळे त्यांना दादाच म्हणतात, आजोबा म्हणायचे म्हणून वडील म्हणतात आणि मग आम्हीही. आमचं गाव खटाव तालुक्यात, जिल्हा सातारा. १९४१ च्या सुमारास मराठा पलटणीत भरती झाले, ट्रेनिंग बेळगावला, एकदा रजेवर येऊन गेले आणि १९४४ च्या पावसाळ्यात तार आली. बास, कागदावर म्हणाल तर एवढंच. फोटो एकच आहे, युनिफॉर्ममधला, स्टुडिओत काढलेला, आणि तोही पार पिवळा पडलाय.

आता गावात शाळेपुढे महायुद्धात गेलेल्यांसाठी फलक लावायचं ठरलंय आणि दादांचा मजकूर मी द्यायचाय. तरुण मंडळाच्या पोरांनी एक मसुदा करून दिला, मनापासून केलाय त्यांनी, पण त्यात सगळं "शत्रूशी झुंजताना धारातीर्थी पडले, अमर झाले" असंच आहे. ते वाचलं आणि मला वाटलं अरे हे कुणाच्याही नावाखाली चालेल, यात आमचे दादा कुठे आहेत? माणूस एकवीस वर्षं जगला आणि आपण लिहितोय फक्त शेवटच्या दिवसाबद्दल, आणि त्या दिवसाबद्दलही आपल्याला काही माहीत नाही.

आजोबा आता ९१ वर्षांचे आहेत, तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील. त्यांना आठवतं ते असं की दादांनी त्यांना पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं, औंधच्या यमाईच्या जत्रेला खांद्यावर बसवून नेलं, आणि दादांना अंधारात चालायची अजिबात भीती वाटायची नाही, रात्री मोटेचं पाणी धरायला एकटे जायचे. आता हे फलकावर लिहिण्यासारखं आहे का नाही मला कळत नाही.

अजून एक. पाहुण्यांपैकी एक जण आजोबांच्या तोंडावर म्हणाले की ते इंग्रजांसाठी लढले, त्याचं आता काय कौतुक. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. यावर काय उत्तर द्यायचं तेही सांगा. आणि मुख्य म्हणजे लढाईची, पलटणीची माहिती मिळते का कुठे? कोणी शोधलंय का असं?

माजी_सुभेदार

राम राम. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीचा, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या भागातल्या दोन-तीन घरांसाठी हे काम केलंय म्हणून सांगतो.

पहिल्यांदा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा, फुकट आहे. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक हिंदी सैनिकाची नोंद त्यांनी ठेवायचा प्रयत्न केलाय, जवळजवळ ८७ हजार नावं आहेत. मात्र स्पेलिंगच्या भरवशावर राहू नका. कारकुनाने कानाने ऐकून इंग्रजीत लिहिलेली नावं आहेत ती, आणि बऱ्याच ठिकाणी आडनावच नाही, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. रेजिमेंटचं नावही तेव्हा मराठा नाही तर 'महराट्टा' असं, मध्ये एक एच आणि दोन टी घालून लिहायचे, ५वी महराट्टा लाइट इन्फंट्री. तुम्ही आडनाव सोडा, इंडियन आर्मी निवडा, १९४४ साल टाका, देश इटली टाका आणि मग गावाचं नाव नजरेने शोधा. पुष्कळ नोंदींमध्ये अमक्याचा मुलगा, राहणार अमकं गाव, तालुका, जिल्हा एवढं सगळं लिहिलेलं असतं. वेळ लागेल पण सापडण्याची शक्यता चांगली आहे.

नोंदीत सर्व्हिस नंबर मिळेल, तो हातात आला की पुढचं सगळं सोपं. तो नंबर घालून बेळगावला आपल्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा, सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची ओळख जोडलीत तर बरं. नुसतं गाव आणि नाव लिहून पाठवलंत तर त्यांनाही काही करता येत नाही हो, एकाच नावाचे किती जण असायचे. घरात जुना पेन्शनचा कागद असेल तर त्यावरही तो नंबर असतो, ट्रंका, देव्हाऱ्याचा कप्पा, गाथेची पानं सगळं बघा, लोकं असे कागद पोथीतच ठेवायची.

आणि फलकाबद्दल. आपल्या साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेल्या छोट्या पाट्या आहेत, चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत. या गावातून इतके जण युद्धावर गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे. एकाचंही नाव नाही. आपशिंग्यासारख्या गावातून तेव्हा ४६ जण गेले ते परत आले नाहीत, तिथे गावाने आठवण जपली म्हणून ती राहिली. बाकी ठिकाणी ती पाटी वाचून आज गावातला माणूससुद्धा सांगू शकत नाही की ते तिघे कोण होते. तेव्हा तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर वाटतंय. विहिरीचं आणि भोपळ्याचं जरूर लिहा.

माणगाव_रायगड

सुभेदार साहेबांना नमस्कार.

आमच्या माणगावात तहसील कचेरीसमोर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले. इथलेच, पळसगावचे. तुमचे दादा १९४४ ला इटलीत होते म्हणालात म्हणून लिहितोय, कदाचित एकाच सुमाराची गोष्ट असेल.

घाडगे ३/५ महराट्टामध्ये होते, म्हणजे रेजिमेंटची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने जर्मनांच्या पक्क्या मोर्चावर हल्ला केला. घाडगे रायफल सेक्शनचे, म्हणजे पलटणीतल्या सगळ्यात छोट्या तुकडीचे, कमांडर. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांचा सेक्शन होता तो सगळा, एक सोडून सगळे, मेले नाहीतर जखमी झाले. उरले ते एकटे. ते तसेच मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, मग टॉमीगनने एकाला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. आणि मग स्नायपरची गोळी लागून त्याच मोर्च्यात पडले. वय बावीस. नंतर व्हॉइसरॉय वेव्हेलच्या हातून ते पदक त्यांच्या पत्नीने घेतलं.

हे मला शाळेपासून पाठ आहे, १० जुलै सांगा म्हटलं की सांगणार. पण तुमची पोस्ट वाचल्यावर डोक्यात आलं की घाडग्यांबद्दल इतकं सगळं आपल्याला माहितीये ते त्या काही मिनिटांचं. त्याआधीचा बावीस वर्षांचा मुलगा कसा होता, बोलका होता का अबोल, कोणाशी भांडायचा, हे आमच्या तालुक्यातसुद्धा किती जणांना सांगता येईल? आणि त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे, जे त्या पहिल्या माऱ्यात पडले, त्यांचं तर नावही पदकाच्या सरकारी मजकुरात नाही. तीही कोणाच्या तरी घरातली पोरंच होती ना.

तिकडे इटलीत पेरुजियाजवळ मोन्तोने म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांनी २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं त्यावर लिहिलंय. मला ते फार आवडलं, सूर्यघड्याळ ही कल्पनाच, बंदूक नाही की तोफ नाही. इटलीच्या मोहिमेत ५० हजारांवर हिंदी सैनिक होते आणि त्यातले ५,७८२ तिथेच राहिले.

कृष्णाकाठ_सांगली

त्या पाहुण्यांच्या बोलण्याबद्दल लिहितो, कारण हे आमच्याही घरात झालंय आणि कडवटपणे झालंय.

आमच्या पणजोबांना दोन मुलगे. एक पलटणीत, उत्तर आफ्रिकेत आणि मग इटलीत, दुसरा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, भूमिगत. एकाच वर्षी, १९४३ ला, घरातल्या आजीला एकाची मनीऑर्डर यायची आणि दुसऱ्यासाठी ती रात्री उसात भाकरी नेऊन ठेवायची. आणि मनीऑर्डरचे पैसे खर्च कशावर व्हायचे तर त्याच भाकरीवर! आता सांगा यातला कुठला मुलगा देशाचा आणि कुठला इंग्रजांचा. दोघेही जिवंत राहिले हे आमचं नशीब, म्हातारपणी एका कट्ट्यावर बसायचे, भांडण कधी ऐकलं नाही.

खटाव, माण, आटपाडी हा सगळा दुष्काळी पट्टा आहे. पाऊस नाही, जमीन भावाभावांत वाटून वाटून एवढीशी, मग पोरांनी जायचं कुठे, एकतर मुंबईच्या गिरणीत नाहीतर पलटणीत. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख लोक भरती झाले, सक्तीची भरती नव्हती असं पुस्तकात लिहितात आणि ते खरंही आहे, पण कोरड्या विहिरीची सक्ती ही पण एक असतेच ना. अठरा वर्षांचं पोरगं घरी पैसे पाठवायला गेलं होतं. त्याला इंग्रजांचं साम्राज्य राखायची हौस नव्हती.

शिवाय समोर कोण होतं तेही बघा. हिटलरचं सैन्य होतं. त्या इटलीतल्या गावांमधले लोक आज स्मारकं उभारतायत ते उगाच नाही, त्यांची सुटका झाली म्हणून. तेव्हा पाहुण्यांशी वाद घालू नका, आजोबांना मात्र हे जरूर सांगा की दादांच्या हातून कोणाचं तरी भलं झालंय.

फलकावर "मातृभूमीसाठी" असा शब्द टाळलात तरी चालेल असं मला वाटतं. खोटा आहे म्हणून नाही, पण जे घडलं ते सरळ लिहिलं तरी माणूस लहान होत नाही. घर चालवायला पलटणीत गेले, इटलीत लढताना गेले. एवढं पुरे आहे.

गोदाकाठची_लेक

सगळ्यांचं वाचलं. पायवाट, एक विचारू का, राग मानू नका. दादांचं लग्न झालेलं होतं का? त्या काळात एकवीसव्या वर्षापर्यंत झालेलंच असणार, पण तुमच्या पोस्टमध्ये त्यांच्या बायकोबद्दल एक शब्द नाहीये. आई होती, बहिणी असतील. माणूस रणांगणावर कसा होता ते सुभेदार शोधून देतील, पण माणूस म्हणून कसा होता हे या बायकांनाच माहीत असणार आणि त्यांना कोणी कधी विचारलेलं नसतं. पत्रं कोणाला यायची? कपडे कोणी ठेवले?

आमच्या नाशकात धुळवडीला वीर निघतात. ज्या घरातला पूर्वज लढाईत गेला त्या घरात देव्हाऱ्यात वीराचा टाक (धातूची छोटी प्रतिमा) असतो, त्या दिवशी घरातल्या एखाद्या मुलाला सजवून, हातात टाक देऊन वाजतगाजत गोदावरीवर नेतात, टाकाला आंघोळ घालतात आणि परत देवात बसवतात. आमच्याकडेही आहे. मी लहान असताना आजीला विचारलं हे कोण, तर ती म्हणाली आपला वीर. कुठे गेला, कधी गेला, नाव काय, कुणालाच माहिती नाही. देव झाला आणि माणूस पुसला गेला. आम्ही त्याला मनापासून नमस्कार करतो, पण मला कायम वाटतं की कोणीतरी एका पिढीने त्याच्याबद्दल चार गोष्टी लिहून ठेवल्या असत्या तर. तुमच्याकडे तर अजून सांगणारं माणूस जिवंत आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

अजून एक सुचवते. गावात ऐंशी-नव्वदीच्या आज्या असतील तर त्यांना जात्यावरच्या ओव्या विचारा. पलटणीत गेलेल्या भावाच्या, लेकाच्या ओव्या असतात, आणि बायका त्यात नाव घालून म्हणायच्या. पत्र नाही राहिलं तरी ओवी राहते कधी कधी. आणि थेट विचारलं तर त्या म्हणतील मला न्हाय येत काही, म्हणून शेजारी बसून काहीतरी निवडत वगैरे विचारा, मग येतं.

खटावची_पायवाट

बरेच दिवस इकडे फिरकलो नाही कारण शोधाशोध चालू होती. सांगण्यासारखं बरंच आहे.

सुभेदार काका, नोंद सापडली!! आडनाव नाहीच आहे, वडिलांचं नाव आहे, आणि गावाचं स्पेलिंग इतकं वेगळं की तालुक्यावरून ओळखलं. सर्व्हिस नंबर मिळाला. बटालियन ३/५, तारीख जुलै १९४४ मधलीच, म्हणजे माणगावकर म्हणतात तोच सुमार. थडगं नाही, कसिनो मेमोरियलवर नाव आहे. म्हणजे ज्यांचं थडगं माहीत नाही अशा चार हजारांवर लोकांची नावं हिरव्या संगमरवरावर कोरलीयेत, त्यात आमचे दादा. आणि त्या नोंदीत शेवटी त्यांच्या पत्नीचं नाव आहे.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आम्ही त्यांना मोठी आई म्हणायचो. मी शाळेत असेपर्यंत होत्या. लग्न झालं तेव्हा पंधराच्या असतील, दादा रजेवर आले ते महिनाभर, तेवढाच काय तो संसार. मूल नाही. माझ्या वडिलांना आणि आत्याला त्यांनीच वाढवलं. परवा आत्याकडे गेलो, म्हटलं मोठी आई दादांबद्दल काय बोलायची, तर ती आधी म्हणाली काही नाही बोलायची, आणि मग दोन तास बोलत होती.

मोठ्या आईला एक पत्र पाठ होतं. वाचता येत नव्हतं, गावातल्या गुरुजींनी वाचून दाखवलेलं, ते ऐकून ऐकून पाठ झालेलं आणि तिने ते आत्याला सांगितलेलं. जागेचं नाव नव्हतं पत्रात, लिहू देत नसतील. त्यात होतं की इथली गावं डोंगरावर आहेत, बायका आपल्यासारखंच डोक्यावरून पाणी आणतात, द्राक्षाच्या बागा आहेत पण बघणारं कोणी नाही, सगळे पळून गेलेत. मग विचारलं होतं की विहिरीला पाणी किती आहे, धाकट्याचं (म्हणजे माझ्या आजोबांचं) पोहणं आता भोपळ्याशिवाय होतं का. आणि गावाकडची चटणी पाठवता येते का बघा, इथल्या जेवणाला चव नाही.

आजोबांना हे माहीतच नव्हतं!! ऐंशी वर्षांत कोणी त्यांना सांगितलं नाही की दादांनी पत्रात त्यांची चौकशी केली होती. मी सांगितलं तर एवढंच म्हणाले, "मला यायला लागलं होतं की तवा." मग उठून पाहुण्यांना फोन लावायला सांगितला, म्हणाले त्याला सांग आमचा दादा काय लिहायचा ते.

दादा हसरे होते, नकला करायचे, आणि रजेवर आलेले तेव्हा त्यांनी गल्लीतल्या पोरांना काठ्या घेऊन परेड शिकवली होती, हे पण आत्याकडूनच.

आता मला भीती वाटतेय ती वेगळीच, की एवढं सगळं फलकावर मावणार कसं. आणि घाडगे त्याच बटालियनचे, तारीख पण इतकी जवळ, तर घाडग्यांच्या बरोबर होते असं लिहिलं तर चालेल का? मंडळाची पोरं मागे लागलीत त्यासाठी.

माजी_सुभेदार

वा! लय बरं वाटलं वाचून.

पोरांना समजावून सांगा, घाडग्यांच्या बरोबर होते असं लिहू नका. एका बटालियनमध्ये सात-आठशे माणूस असतं, चार रायफल कंपन्या, प्रत्येक कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनमध्ये तीन सेक्शन. दादा कुठल्या कंपनीत होते तेच आपल्याला माहीत नाही. "त्याच बटालियनमध्ये, त्याच महिन्यात, टायबर खोऱ्याच्या मोहिमेच्या काळात" एवढं लिहिता येईल, ते खरं आहे. आज तुम्ही एक वाक्य वाढवून लिहिलंत की पन्नास वर्षांनी तोच इतिहास होतो, आणि मग कोणीतरी ते खोटं आहे म्हणून दाखवून देतं आणि बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

अजून खोलात जायचं असेल तर बटालियनची वॉर डायरी असते, रोज कुठे मुक्काम, कुठे हल्ला, किती जखमी. त्या लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, इटलीच्या फौजेच्या डब्ल्यूओ १७० या मालिकेत बघा. जवानांची नावं त्यात क्वचित येतात, अफसरांची येतात, तेव्हा दादांचं नाव मिळेल या आशेने जाऊ नका, पण ती तारीख असलेलं पान मिळालं तरी त्या दिवशी पलटण कुठे होती ते कळेल. आणि पलटणीचं पुढे काय झालं हे आजोबांना सांगा, त्यांना आवडेल. ३/५ महराट्टा पुढे पॅराशूट बटालियन झाली, तीच आजची २ पॅरा, १९७१ च्या युद्धात ११ डिसेंबरला आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलवर पॅराशूटने जी उतरली ती.

फलकाचं म्हणाल तर दोन भाग करा. दगडावर थोडकं: नाव, आईवडिलांचं नाव, पत्नीचं नाव (हे नक्की घाला), जन्म अंदाजे, पलटण, तारीख, कसिनो मेमोरियल. आणि खाली एकच ओळ त्यांच्याबद्दल, तुम्हाला हवी ती. पत्र वगैरे बाकी सगळं शाळेत वहीत लिहून ठेवा, गावातल्या बाकीच्या गेलेल्या जवानांच्या घरीही पोरांना पाठवा, प्रत्येकाची चार पानं होऊ देत. मंडळाच्या पोरांना बंदुकीचं चित्र काढण्यापेक्षा हे काम द्या, ती करतील बघा.

गोदाकाठची_लेक

मोठ्या आईचं नाव दगडावर घाला हे सुभेदार काकांनी आधीच लिहिलं, मी तेच लिहायला आले होते.

आत्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, आजोबांचंही, वेगवेगळं बसवून. एकत्र बसवलं की एक बोलतो आणि दुसरा मान हलवतो. ते पत्र आत्याला जसं पाठ आहे तसंच उतरवा, तिच्याच बोलीत, शुद्ध करायला जाऊ नका. आणि दादा नकला कोणाच्या करायचे ते विचारलंत का?

खटावची_पायवाट

विचारलं. गावच्या तलाठ्याची, आणि बेळगावच्या एका हवालदाराची. हवालदाराची नक्कल आजोबांना अजून येते, काल करून दाखवली, ती व्हिडिओ केलीये. शनिवारी आत्याला घेऊन येतोय, मग दोघांचं वेगवेगळं रेकॉर्ड करतो.